पासष्ट टक्क्यांचा आकडा

ऑक्टोबर उजाडला की राहुरी, संगमनेर, नेवाशात पेपर उघडल्यावर नजर आधी जायकवाडीच्या टक्क्यावर जाते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात ६५ टक्के उपयुक्त साठा असला तर मुळा-भंडारदरा या वरच्या धरणांचं पाणी आपल्या पाटाला. तूट असली तर ते खाली सोडायची चर्चा सुरू.

आपला रब्बी ज्यावर ठरतो तो हा आकडा तज्ज्ञांनी काढलेला. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातली तूट सगळ्यांनी वाटून घ्यावी असं म्हटलं. कोणत्या धरणातून किती, ते सांगितलं नाही. २०१२चा दुष्काळ पडला, तेव्हा कुठे ते ठरवायला मेंढेगिरी अभ्यासगट बसला. २०१३ला अहवाल आला, २०१४ला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला, २०१६ला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

आधीही असंच घडलं. १८९९चा दुष्काळ, मग १९०१चा पाटबंधारे आयोग. १९७२चा दुष्काळ, मग अवर्षणप्रवण तालुके ठरवणारी सुकथनकर समिती. विहिरी आटल्या की सरकारला तज्ज्ञ आठवतात. मेंढेगिरींच्या आकड्यांचा दर पाच वर्षांनी फेरआढावा अपेक्षित होता. नवा अभ्यासगट नेमायला २०२३ साल उजाडलं. मांदाडे यांच्या या गटाने ६५ऐवजी ५८ टक्के सुचवले. सात टक्क्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यात तो सव्वापाच टीएमसीच्या वर जातो. म्हणजे जवळजवळ अर्धं भंडारदरा! एवढ्या पाण्याचा हिशेब दहा वर्षं तसाच पडू देणं मला अक्षम्य वाटतं.

राहुरी-संगमनेरच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पर्जन्यमापकावरचा पाऊस, विहिरींची पातळी, प्यायला किती, गुरांना किती, उरलेल्यात कोणतं पीक, सगळं ग्रामसभेत. भूजलाचं शास्त्र तिथे दुष्काळाची वाट बघत नाही.

नवा गट नेमला त्याच २०२३ला जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. असं पाणी सोडायचं म्हणजे आधी कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडायची. काठावरचा शेतकरी उभ्या उसासमोर बंद मोटारीपाशी उभा असतो आणि पाणी त्याच्या डोळ्यांदेखत प्रवरासंगमाकडे जातं. त्यातलं पात्रात किती मुरलं, वाटेत किती उपसलं गेलं, नाथसागरात किती पोचलं, हे प्रत्येक सोडणीनंतर मोजून त्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे.