आडत, हमाली आणि तोलाई : लिलावाचा भार कोणावर?

फेब्रुवारी २०२३ मध्यें सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें दहा पोतीं कांदा सोलापूरच्या बाजारांत विक्रीस नेला. वजन भरलें ५१२ किलो. बोली किलोस एक रुपयावर थांबली. म्हणजे मालाची किंमत झाली ५१२ रुपये. त्यांतून मोटारभाडें, हमाली, तोलाई वगैरे मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले, आणि शेतकऱ्याच्या नांवें शिल्लक निघाली दोन रुपये एकोणपन्नास पैसे. व्यापाऱ्यानें त्याला दोन रुपयांचा, तोहि पुढील तारखेचा, चेक दिला. ही हकीकत वर्तमानपत्रांतून देशभर गाजली. लोक हळहळले, संतापले, आणि कांहीं दिवसांनीं विसरलेहि. त्या कागदावरचा हिशेब मात्र फारच थोड्यांनीं लक्षपूर्वक वाचला असेल.

शहरांतील घरांत कांद्याचा भाव म्हणजे दारावरच्या भाजीवाल्यानें सांगितलेला आंकडा. खेड्यांत भाव म्हणजे लिलावांत पुकारलेला आंकडा. दोन्ही आंकडे खरे. परंतु शेतकऱ्याच्या हातीं जो पैसा पडतो तो या दोहोंहून निराळ्या, तिसऱ्याच आंकड्याचा, आणि तो आंकडा ‘पट्टी’ या नांवाच्या कागदावर अगदीं तळाशीं लिहिलेला असतो. पुकारलेला भाव आणि पट्टीचा तळ यांमधील वाट समजल्यावांचून लिलाव समजला असें म्हणतां येत नाहीं.

लासलगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथील आवारांत सकाळीं कांद्यानें भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनाकडून दुसऱ्याकडे सरकतो, कोणी मूठभर कांदा उचलून पाहतो, क्विंटलामागें भाव पुकारला जातो, आणि पाहतां पाहतां सौदा पक्का होतो. वर्षाची मेहनत ज्या क्षणीं रुपयांत मोजली जाते तो क्षण इतका लहान असतो. त्यानंतर हिशेबास आरंभ होतो.

या हिशेबांतील आकारणी दोन जातींची आहे. एक शेंकड्यावर, म्हणजे किंमतीच्या प्रमाणांत. आडत या वर्गांतली. आडत्या हा मालाचा मालक नव्हे. शेतकऱ्याच्या वतीनें माल मांडणें, गिऱ्हाईक मिळविणें आणि पैशाची हमी घेणें हें त्याचें काम, आणि आडत हा त्या कामाचा मोबदला. बाजार समितीचें शुल्कहि याच जातीचें. तें शेंकडा पाऊण ते एक रुपया असून खरेदीदाराकडून घेतलें जातें, आणि त्याखेरीज देखरेखीचा शेंकडा पांच पैसे आकार असतो. दुसरी जात पोत्यावर किंवा वजनावर ठरणाऱ्या आकारणीची. हमाली, तोलाई आणि मोटारभाडें हीं यांत येतात. पाठीवर पोतें घेतांना हमाल त्यांतील मालाचा भाव विचारीत नाहीं, आणि त्यानें तो विचारावा असें कोणीं म्हणूंहि नये. १९६९ च्या माथाडी कायद्यानें त्याच्या मजुरीला जें संरक्षण दिलें तें न्याय्यच होतें. पण त्यामुळें होतें असें कीं, भाव उतरला तरी ही वजावट उतरत नाहीं. बार्शीचाच माल वीस रुपये किलोनें गेला असता तर किंमत १०,२४० रुपये झाली असती, आणि त्याच ५०९ रुपयांचें प्रमाण शेंकडा पांच रुपयांहूनहि किंचित् कमी पडलें असतें. एक रुपया भावानें तीच रक्कम जवळजवळ सबंध किंमत गिळून बसली. पट्टींत कोणी लबाडी केली कीं नाहीं हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी मंदीच्या दिवसांत असेंच घडावयाचें.

लबाडीचा इतिहास मात्र जुना आहे. एके काळीं भाव पुकारला जात नसे. दोघांच्या हातांवर उपरण्याचें टोंक टाकून त्याखालीं बोटें दाबून तो ठरे, आणि ज्याचा माल त्यालाच तो शेवटीं कळे. पट्टींत धर्मादाय, पांजरपोळ, नमुना, कसर अशीं नांवें घेऊन वजावटी होत. धर्म आडत्याच्या नांवानें आणि पैसा कुणब्याच्या खिशांतून, असा तो व्यवहार! वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाच्या बाजारास नियमबद्ध करण्यांत आलें आणि १८९७ मध्यें वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदा झाला. शेतकी विषयक रॉयल कमिशननें १९२८ च्या अहवालांत असे बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्याचा कायदा १९३९ मध्यें आणि महाराष्ट्राचा सध्यांचा कायदा १९६३ मध्यें झाला. उघडा लिलाव, खरें वजन आणि ठरीव आकारणी हीं या सर्वांचीं सूत्रें होतीं.

तरीहि आडत कोणी द्यावी हा वाद राहिलाच. आडत्या शेतकऱ्याचा प्रतिनिधि, तेव्हां मोबदलाहि शेतकऱ्यानेंच द्यावा, असा जुना न्याय होता. डिसेंबर २०१४ मध्यें राज्याच्या पणन संचालकांनीं आडत खरेदीदाराकडून घ्यावी असा आदेश काढला. व्यापाऱ्यांनीं बाजार बंद पाडले आणि आदेशास स्थगिति मिळाली. जुलै २०१६ मध्यें सरकारनें फळें व भाजीपाला यांबाबत तोच निर्णय पुन्हां घेतला. पुन्हां संप झाला, पण या वेळीं निर्णय टिकला. शेतकऱ्याचा भार व्यापाऱ्यावर गेला, असें तेव्हां सर्वत्र बोललें गेलें.

तो खरोखर किती गेला हें पाहण्यासारखें आहे. समजा, एका खरेदीदारास क्विंटलभर कांदा सर्व खर्च धरून पंधराशे रुपयांहून अधिक पडून चालणार नाहीं, आणि आडत शेंकडा सहा आहे. ती विकणाऱ्यानें द्यावयाची असेल तर हा गृहस्थ १,५०० पर्यंत बोली करील. त्यांतून ९० रुपये वजा जाऊन शेतकऱ्यास १,४१० मिळतील. तीच आडत खरेदीदारावर टाकली तर तो मनांतल्या मनांत ती आधींच वजा करून १,४१५ रुपयांवर थांबेल. वर सुमारें ८५ रुपये आडत भरली कीं त्याचे पंधराशे पुरे होतात. शेतकऱ्यास मिळाले १,४१५. एवढे संप, एवढे आदेश, आणि अंतर पडलें क्विंटलामागें पांच रुपयांचें!

म्हणून तो निर्णय व्यर्थ होता असें मात्र नव्हे. शेतकऱ्याच्या पट्टींत वजावट लिहिणारा हात दुसऱ्याचा असतो. तेथें सहाचे सात होण्यास वेळ लागत नाहीं. खरेदीदार हा रोजचा हिशेबी माणूस, तो पैशापैशाला भांडतो. बोली आणि हातीं येणारी रक्कम यांतील अंतर कमी झालें म्हणजे दोन बाजारांचे भावहि शेतकऱ्यास ताडून पाहतां येतात.

मग भार ठरतो कशानें? या प्रश्नाचें उत्तर अगदीं निराळ्या लिलावांत, लंडन-न्यूयॉर्कच्या चित्र-शिल्पांच्या लिलावांत, अधिक स्पष्ट दिसतें. क्रिस्टीज व सदबीज या दोन पेढ्यांनीं १९७५ मध्यें खरेदीदारावर शेंकडा दहाची नवी आकारणी बसविली. तोंवर मुख्य भार विकणाऱ्यावर असे. पुढें थोर चित्रकाराचें चित्र मिळावें म्हणून दोघी विकणाऱ्याची दलाली कमी करूं लागल्या, प्रसंगीं ती सबंध सोडूंहि लागल्या. ही चढाओढ परवडेना तेव्हां १९९५ मध्यें विकणाऱ्याच्या दलालीचे दर दोघींनीं संगनमतानें एकसारखे केले. हें उघडकीस येऊन २००० सालीं त्यांनीं गिऱ्हाइकांस ५१.२ कोटि डॉलर देण्याचें कबूल केलें, आणि सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन यांस २००२ मध्यें कारावासाची शिक्षा झाली. ऑर्ली ॲशेनफेल्टर व कॅथरिन ग्रॅडी या अर्थशास्त्रज्ञांनीं या प्रकरणावर लिहितांना म्हटलें कीं, भरपाईंत खरेदीदारांनाहि वांटा मिळाला, पण खरी झळ विकणाऱ्यांसच लागली होती. कारण तेंच: खरेदीदार आकारणी ध्यानांत धरूनच बोली करतो. एप्रिल २०२५ मध्यें नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनला सदबीजच्या लिलावांत निघाली आणि महाराष्ट्र सरकारनें ती मिळविली, तेव्हां वाहतूक, विमा आदि धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले. हातोडा पडल्यावर त्या वेळीं शेंकडा सत्तावीसची आकारणी बसत असे, हें तेथें बोलणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होतें.

पण चित्राच्या मालकास दलाली माफ होते आणि कांद्याच्या मालकास होत नाहीं, याचें कारण माल थांबूं शकतो कीं नाहीं हें आहे. चित्राला आधींच राखीव भाव ठरविलेला असतो. तो न आल्यास चित्र घरीं जातें, पुढच्या वर्षीं निघतें. कांदेवाल्यासहि बोली नाकारण्याचा हक्क आहे. पण फेब्रुवारींतला रांगडा कांदा टिकत नाहीं, परतीचें भाडें पुन्हां अंगावर येतें, आणि पुष्कळदां आडत्याकडून पेरणीच्या वेळीं उचल घेतलेली असते. आवारांत येऊन पडलेला माल त्या दिवशीं विकावाच लागतो. म्हणून त्या दिवसाची आकारणी, नांव कोणाचेंहि असो, त्याच्याच किंमतींतून निघते. शहरांतील गिऱ्हाइकावर ती लगेच पडत नाहीं. पुढील हंगामांत पेरा कमी झाला म्हणजे पडते. उन्हाळी कांद्याची गोष्ट वेगळी. तो चाळींत चार-पांच महिने राहतो.

एप्रिल २०२४ मध्यें नाशिक जिल्ह्यांत हमाली-तोलाईच्या वजावटीवरून लिलाव बंद पडले. ट्रॅक्टर भुईकांट्यावर चढतो आणि वजन यंत्र दाखवितें, मग तोलाई कशाची, असा एका बाजूचा प्रश्न. तिच्यावर आमचा संसार चालतो, असें दुसऱ्या बाजूचें म्हणणें. दोन्ही बाजू अडून बसल्या. तेव्हां उन्हाळी कांदा नुकताच निघूं लागला होता, आणि ज्यांच्या मळ्यांत चाळ होती त्यांना थांबतां आलें.