गोंदियात फ्लॅट घेताना

शहर वाढतंय तसं काल धानाची बांधी होती तिथे आज फ्लॅट उभे राहतात. म्हणून नमुना फ्लॅटच्या टाइल्सआधी जमिनीचे कागद पाहा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-2’ असेल, तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते. ती मिळाली आहे का, जमीन अकृषिक झाली आहे का, हे कागदावरच बघा. बोलण्यावर जाऊ नका.

महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, 2017 पासून आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशे, कर्जबोजा, ताब्याची तारीख दिसते. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आधी अर्धे भरा, मग करार’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. भाव चटई क्षेत्रावर ठरवा. बांधकामात दोष निघाला, तर ताब्यापासून 5 वर्षं दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने.

मात्र 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील, तर महारेरा नोंदणीची सक्ती नाही. छोट्या शहरात अशा इमारती बऱ्याच. तिथे सगळी तपासणी आपल्यालाच करावी लागते: वकिलाकडून जुन्या व्यवहारांचा शोध, नगर परिषदेची बांधकाम परवानगी आणि ताब्याआधी भोगवटा प्रमाणपत्र.