घाटमाथ्यावर विषाणूची चाचणी : स्वॅबपासून निकालापर्यंत

मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. काही वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने त्या विषाणूशी लढण्यासाठी बनवलेली द्रव्ये, सापडली. माणसाला लागण झाल्याची ती नोंद नव्हती. तरी महाबळेश्वरजवळच्या पाचगणीसारख्या ठिकाणी विषाणूची चाचणी हाताशी असणे किती गरजेचे आहे, हे त्यावरून कळते.

अशा चाचण्यांपैकी आरटीपीसीआर म्हणजे विषाणूच्या जनुकीय साखळीच्या असंख्य प्रती काढून ती यंत्राला दिसेल अशी करण्याची पद्धत. तिच्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या खोल्या, अतिशीत कपाट आणि अखंड वीज लागते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हेच काम टेबलावर मावणाऱ्या, बॅटरीवरही चालणाऱ्या यंत्रांवर करते. क्षयरोगासाठी ते आधीपासून वापरात होते. 2020 मध्ये ते करोनासाठीही वापरले गेले. यंत्रे तीच राहतात, त्यात बसवायची चिप रोगानुसार बदलते. करोनाची चाचणी कशी होते, ते आपण क्रमाने पाहू.

आधी स्वॅब. काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवली तर पुढचे सगळे कष्ट वाया जाऊ शकतात. ती मागे, घशाच्या बाजूला पोहोचायला हवी. मग ती द्रव भरलेल्या नळीत मोडून टाकायची आणि झाकण घट्ट लावायचे. आपल्याकडे एका गावात एकाच आडनावाची कितीतरी घरे असतात, म्हणून नळीवर नावासोबत वय, गाव आणि क्रमांकही लिहावा. नमुन्यांची अदलाबदल कोणत्याही यंत्राला ओळखता येत नाही.

नळीतला द्रव विषाणूचे आवरण फोडतो. विषाणू निष्प्रभ होतो, त्यामुळे पुढची हाताळणी बरीच सुरक्षित होते. स्वॅब घेताना मात्र मास्क, हातमोजे आणि चेहऱ्यावरची ढाल हवीच.

आता नमुना कार्ट्रिजमध्ये, म्हणजे एकदाच वापरायच्या बंद डबीत जातो. पहिले यंत्र सुमारे वीस मिनिटांत त्यातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय साखळी, वेगळा काढते. सुपात धान्य पाखडावे तसे नको ते धुऊन जाते आणि हवे ते थोड्या द्रवात उरते.

सगळ्यात नाजूक टप्पा यानंतरचा. या द्रवाचे फक्त सहा मायक्रोलिटर पिपेटने, म्हणजे मोजून द्रव उचलणाऱ्या नळीने, घ्यायचे असतात. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. हा थेंब छोट्या कुपीतल्या सुकवलेल्या रसायनात पूर्ण विरघळू द्यायचा आणि मग सहा मायक्रोलिटर चिपवर ठेवायचे. घाईत बुडबुडा शिरला की चाचणी बिघडते. सुकवलेल्या रसायनाला फ्रीजर लागत नाही, हा मोठा फायदा आहे. पण ते हवेतला ओलावा पटकन शोषते. पाचगणीच्या पावसाळ्यात धुके खिडकीतून आत येते, तेव्हा चिप आणि कुपीचे पाकीट आधीपासून फोडून ठेवू नये. मला विचाराल तर नव्या तंत्रज्ञाने पहिले काही दिवस नुसत्या पाण्याने पिपेटचा सराव करावा.

चिप दुसऱ्या यंत्रात सरकवली की ते आरएनएचा डीएनए बनवते आणि आलटून-पालटून तापवत-गार करत त्याच्या प्रती वाढवते. प्रती वाढतात तसा प्रकाशाचा संकेत वाढतो. कितव्या आवर्तनात तो ठरावीक रेषा ओलांडतो, त्या आकड्याला सीटी म्हणतात. आकडा लहान असेल तर नमुन्यात विषाणू जास्त, असे साधारणपणे समजावे. नमुना ते निकाल हा सारा प्रवास सुमारे तासाभराचा आहे. वापरलेली चिप पुढच्या नमुन्याजवळ ठेवू नये. तिच्यावरच्या प्रती इकडेतिकडे लागल्या तर निरोगी माणसाचाही निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो.

निकाल तीन प्रकारचे असतात: विषाणू आढळला, आढळला नाही, किंवा चाचणी अवैध. अवैध म्हणजे यंत्राची अंतर्गत पडताळणीच जमली नाही. घाईच्या वेळी अशी नोंद ‘निगेटिव्ह’ म्हणून लिहिली जाण्याचा धोका असतो, आणि तो रुग्णाच्या घरच्यांपर्यंत पोहोचतो. अवैध आल्यास चाचणी पुन्हा करावी, गरज पडल्यास नवा स्वॅब घेऊन. निकाल निगेटिव्ह असूनही ताप आणि धाप वाढत असेल तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना द्यावा, आणि तोवर घरात वेगळेच राहावे.