स्टेंटचे पाकीट एकदा उघडले की तो पुन्हा निर्जंतुक का करत नाहीत?

"डॉक्टर, पाकीट उघडले आणि स्टेंट बसलाच नाही, तर तो मशीनमध्ये तापवून नंतर वापरता येत नाही का?" सावेडीत अँजिओप्लास्टीसाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. कात्र्या-चिमटे तर रोज ऑटोक्लेव्हमधून काढून पुन्हा वापरले जातात. मग स्टेंटच का नाही?

स्टेंटवर काय असते?

आज बहुतेक रुग्णांना औषधी स्टेंट बसवतात. धातूच्या जाळीवर पॉलिमरचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, केसाहूनही कितीतरी पातळ थर असतो. त्यात सिरोलिमस किंवा एव्हरोलिमससारखे औषध मिसळलेले असते. ते काही आठवडे ते महिने हळूहळू झिरपते आणि रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका कमी करते. काही स्टेंटवरचा थर कायम राहतो, तर काहींवरचा काही महिन्यांत विरघळतो.

निर्जंतुकीकरणाने थराला काय होते?

* वाफ: ऑटोक्लेव्हमध्ये साधारण 121 अंश सेल्सिअसची वाफ असते. धातूला ती चालते. पण विरघळणारे अनेक पॉलिमर 60 अंशांच्या आतच मऊ पडतात आणि पाण्याच्या वाफेने त्यांचे विघटन होते.
* गॅमा किरण: मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रातील 'आयसोमेड' प्रकल्पात 1974 पासून कोबाल्ट-60 च्या किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाते. अनेक वस्तूंसाठी ही उत्तम पद्धत आहे. मात्र या किरणांनी काही पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. मग थर लवकर झिजू शकतो आणि औषध सुटण्याचा वेग बदलू शकतो.
* इथिलीन ऑक्साइड वायू: हा कमी तापमानात जंतू मारतो, म्हणून बहुतेक औषधी स्टेंटसाठी कारखान्यात हाच वापरतात. वायू विषारी असल्याने नंतर तो पाकिटातून निघून जाईपर्यंत माल हवेशीर ठेवतात आणि उरलेल्या वायूचे प्रमाण तपासतात.

कंपनीने चाचण्या केलेल्या असतात त्या ठरलेल्या पद्धतीच्या. दुसऱ्यांदा निर्जंतुक केल्यावर थर तडकला का, औषध किती उरले, हे रुग्णालयात तपासता येत नाही. थर खराब झाला तर वाहिनी पुन्हा अरुंद होऊ शकते किंवा स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणून न वापरलेला स्टेंटही पाकीट उघडल्यावर बादच समजायचा.

तुम्ही काय पाहावे?

* खोक्यावर वर्तुळातील 2 या आकड्यावर तिरकी रेघ असेल, तर वस्तू एकदाच वापरायची असा अर्थ. वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी मुदत लिहिलेली असते.
* पाकीट फाटलेले, ओले किंवा सील सुटलेले असेल, तर तो स्टेंट वापरत नाहीत.
* स्टेंटचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहिणे फेब्रुवारी 2017 च्या केंद्रीय आदेशानुसार बंधनकारक आहे. दोन्हींवरचा क्रमांक जुळतो का, ते पाहा.

घरी गेल्यावर

थरातील औषधामुळे स्टेंटवर नैसर्गिक अस्तर यायलाही वेळ लागतो. तोवर गुठळीचा धोका असतो. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, अगदी दात काढायचा असला तरी.