गुप्तहेर ओळखीचा झाला !

आमच्या बीडच्या घरीं रात्रीं पानें वाढलीं, म्हणजे पाऊसपाणी आणि राजकारण यांच्या मागून येणारा तिसरा विषय गेलीं कित्येक वर्षें ठरलेला आहे : ‘टायगर’चें पुढें काय होणार ? १५ ऑगस्ट २०१२ रोजीं ‘एक था टायगर’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला तेव्हां माझा थोरला नातू सहा वर्षांचा होता. पुढें ‘टायगर जिंदा है’ (२०१७), ‘वॉर’ (२०१९), ‘पठाण’ (२०२३), ‘टायगर ३’ (२०२३) आणि ‘वॉर २’ (२०२५) असे एकाच मालिकेंतले एकूण सहा हेरपट मुंबईच्या यशराज संस्थेनें काढले, आणि त्यांच्या संगतीनें या मुलाला मिसरूड फुटलें. ‘पठाण’च्या वेळीं घरांतल्या नऊ माणसांना त्यानें आग्रहानें नेलें होतें. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं ‘वॉर २’ लागला, तेव्हां मात्र तो घरींच बसला. “आजोबा, काय होणार तें मला इथूनच दिसतें आहे,” असें म्हणाला.

मी जन्मभर मास्तरकी केली. दंगा करणाऱ्या मुलाची मास्तरांस फारशी चिंता नसते. पण पुढच्या बाकावर बसणारा मुलगा यावयाचा थांबला, म्हणजे शिकवण्यांत कांहीं चुकत आहे असें समजावें. म्हणून नातवाला आवडी-नावडीचें कारण विचारलें, आणि त्याचें उत्तर कौटिल्याशीं ताडून पाहण्याचा मोह मला आवरला नाहीं.

अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत हेरांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एका जागीं राहून काम करणारे ते ‘संस्था’ : कपटी विद्यार्थी, संन्यास सोडलेला उदास्थित, शेतकरी, व्यापारी आणि तापस. फिरून काम करणारे ते ‘संचार’ : सत्री, तीक्ष्ण, विष देणारा रसद आणि परिव्राजिका. यांतल्या बहुतेकांकडे रस्त्यानें जातांना कोणी मान वळवून पाहणार नाहीं, आणि हीच त्यांची शक्ति. शिवरायांच्या बहिर्जी नाइकाविषयीं आपणांस इतकें थोडें ठाऊक आहे, हेंच त्याच्या कामाचें प्रशस्तिपत्र होय. कौटिल्याचा आणखी एक कडक नियम आहे : हेरांनीं एकमेकांस ओळखतां कामा नये. तिघांनीं निरनिराळ्या वाटांनीं आणलेली बातमी जुळली, तरच ती खरी मानावी.

आतां या मालिकेकडे पाहा. ‘पठाण’मध्यें धावत्या आगगाडींत नायक संकटांत सांपडतो आणि अचानक टायगर मदतीस येतो. ज्या आमच्या शहरांत १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत प्रवाशांची खरी आगगाडी आली नव्हती, तेथल्या मुलांनीं पडद्यावरच्या त्या गाडीला केवढ्या शिट्ट्या वाजविल्या ! मग ‘टायगर ३’मध्यें पठाणानें येऊन उपकार फेडले, आणि त्याच चित्राच्या शेवटीं ‘वॉर’मधला कबीर दर्शन देऊन गेला. पहिल्या वेळीं ती भेट होती, दुसऱ्या वेळीं परतफेड, आणि तिसऱ्या वेळीं लग्नांतल्या आहेरासारखा रिवाज. माझ्या नातवाची पहिली शंका हीच आहे. सगळेच हेर एकमेकांचे स्नेही झाल्यावर कोण कोणापासून काय लपविणार ?

पुतण्या यावर हंसून म्हणाला, “काका, हा चित्रपट आहे, अर्थशास्त्राचा तास नव्हे.” त्याचें म्हणणें मला मान्य आहे. हेरपटांत उड्या आणि स्फोट असावयाचेच. परंतु खरी अडचण उड्यांची नाहीं, हें मला माझ्याच लहानपणावरून ठाऊक आहे.

त्या काळीं बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड घरोघर पोंचले होते, आणि गुरुनाथ नाइकांच्या कॅप्टन दीपच्या हेरकथांनीं आम्हां मुलांना वेड लावलें होतें. एकदां रूपावलीच्या पुस्तकांत दडवून मी अशी एक कथा वाचीत असतां वडिलांनीं पकडलें. मला वाटलें, आतां छडी. ते शांतपणें म्हणाले, “यांत तो मरेल असें वाटतें का तुला ?” मी म्हणालों, “नाहीं. त्याच्या पुढच्या पुस्तकाची जाहिरात मागें छापली आहे.” “मग तुझे हात कां थरथरताहेत ?” मला उत्तर सुचलें नाहीं.

आज सुचतें. मालिकेच्या नायकाचा प्राण सुरक्षित असतो, हें लहान मूलही जाणतें. म्हणून प्राणापलीकडचें कांहीं पणाला लागावें लागतें. ‘एक था टायगर’मध्यें तें होतें. भारताचा हेर पाकिस्तानच्या झोया नांवाच्या हेरावर जीव जडवितो, आणि दोघेंही आपापली नोकरी, नांव व मायदेश सोडून परागंदा होतात. गोळी लागण्याचें भय त्यापुढें किरकोळ होतें. शिवाय, शत्रूच्या घरींही माणूसच राहतो, ही गोष्ट त्या चित्रानें भाषण न देतां मुलांना सांगितली. पुढच्या चित्रांत देश वाढले, स्फोट वाढले. पण नायकाला गमवावें असें उरलें थोडें. काय होणार तें घरबसल्या दिसतें, तें यामुळें.

मालिका लांबली म्हणजे ती नासतेच, असें मात्र नाहीं. विलायतेचा जेम्स बॉण्ड १९६२ सालीं पडद्यावर आला. मुख्य मालिकेचे पंचवीस चित्रपट झाले, सहा नट बदलले. आणि २०२१ सालच्या पंचविसाव्या चित्रांत कर्त्यांनीं त्याला चक्क मरूं दिलें. तेथल्या चाहत्यांतही कोणी हळहळले, कोणी रागावले. पण साठ वर्षांनंतरही त्याच्यासाठीं डोळे ओले झाले, हें कांहीं लहानसहान यश नव्हे.

आमच्या घरची आशा सध्यां धाकट्या नातीच्या पदरांत आहे. याच मालिकेंतल्या ‘अल्फा’ या चित्रांत आलिया भट आणि शर्वरी या दोघी हेर म्हणून पुढें आहेत. २५ डिसेंबर २०२५ ला ठरलेलें त्याचें प्रदर्शन लांबणीवर पडलें, तेव्हां ती फार हिरमुसली. तिला मी कौटिल्याच्या परिव्राजिकेची हकीकत सांगितली : गरीब, विधवा, ब्राह्मणी, धीट, अंतःपुरांत मान असलेली आणि अमात्यांच्या घरांत सहज जाणारी. हातांत शस्त्र नाहीं. आहे ती केवळ बुद्धि. ओळख पटली, तर मागें धांवून येणारा कोणी टायगर नाहीं.

नातीनें जेवतां जेवतां हात थांबविला आणि विचारलें, “मग ती पकडली गेली तर ?”

तिच्या त्या प्रश्नांत जी भीति होती, तीच मागण्यासाठीं प्रेक्षक तिकिटाच्या खिडकीशीं उभा राहतो. चित्रपटकर्त्यांनीं तेवढी परत दिली, तर आमचा थोरला नातूही पुन्हां नऊ तिकिटें काढील, अशी माझी खात्री आहे.