मोटारघरातील शीतकपाट

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सतरा आसनांची एक जुनी गाडी विकत घेऊन तिचे मोटारघर बनविले. मागील आसने काढली, निजण्याकरिता दोन फळ्या बसविल्या, लहानसा ओटा केला, आणि स्वयंपाकघरातील १९० लिटरचे शीतकपाट, ज्यास आपण बोलताना फ्रीज म्हणतो, उचलून गाडीत ठेविले. हेतू चैनीचा नव्हता. त्याच्या मातोश्रींस मधुमेह आहे; दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यावे लागते; आणि समुद्र पाहण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. मलकापुराहून दुपारी निघून, कराड व पाटण मागे टाकून, ही मंडळी रात्री कोयनानगरास मुक्कामास राहिली. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, व तेथून गुहागर. चार दिवसांनी परत आल्यावर हा गृहस्थ शाळेत येऊन आम्हास म्हणाला, "सर, हाच फ्रीज घरी आठ वर्षे मुकाट्याने चालला. गाडीत एका रात्रीत त्याने हात टेकले. असे का?"

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे, तेव्हा अशी मोटारघरे आपल्या पुणे-बंगळूर महामार्गावर आमच्या विद्यार्थ्यांस पुढेही दिसतील. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर येथे जरा विस्ताराने देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शीतकपाट थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. माठातील पाणी गार होते तेही ह्याच न्यायाने. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते व उडताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. वैशाखातील कराडच्या कोरड्या हवेत माठ उत्तम काम देतो. किनाऱ्याच्या दमट हवेत पाणी सहजी उडत नाही, म्हणून तोच माठ नुसता ओला राहतो. शीतकपाटात पाण्याच्या जागी फार लवकर उडणारा द्रव घातलेला असतो. त्याची वाफ वाया न जाता कॉम्प्रेसर तिला दाबून मागील किंवा बाजूच्या नळ्यांत ढकलतो, आणि तेथे आपली उष्णता खोलीतील हवेस देऊन ती पुन्हा द्रवरूप होते. सारांश, शीतकपाटाभोवतीची हवा हा त्याच्या यंत्राचाच एक भाग होय. आमच्या विद्यार्थ्याने ते हलू नये म्हणून दोन लाकडी खणांच्या मध्ये घट्ट ठोकून बसविले होते. ते हलले नाही खरे. पण उष्णतेस जावयास वाटच राहिली नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील हवा आधीच बाहेरच्या हवेहून पुष्कळ तापलेली असते. परिणामी कॉम्प्रेसर क्षणभर विसावा न घेता चालत राहिला. मागे व दोन्ही बाजूंस चार बोटे जागा आणि गाडीच्या भिंतीत वर-खाली एकेक जाळी, एवढ्याने हे संकट टळले असते.

आता विजेचा हिशोब. नववीच्या मुलांनी हा पाटीवर करून पाहावा. फ्रीजच्या दारावर ताऱ्यांची जी चिठ्ठी असते तिच्यावर वर्षाचा वीजखर्च छापलेला असतो. ह्या फ्रीजचा होता सुमारे १८० युनिटे. म्हणजे दिवसास अर्धे युनिट, अर्थात ५०० वॉट-तास. गाडीत घेतलेली बॅटरी १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची होती. गुणाकार केला की १,८०० वॉट-तास येतात, म्हणजे साडेतीन दिवसांची बेगमी! आमच्या विद्यार्थ्याने हाच गुणाकार केला व निश्चिंत मनाने निघाला. गुणाकार बरोबर होता, गृहीते चुकीची होती. शिशाच्या बॅटरीतील निम्म्याहून अधिक वीज काढू नये. वारंवार काढल्यास ती लवकर निकामी होते. तेव्हा हाती राहिले ९००. चिठ्ठीवरचा आकडा प्रयोगशाळेतील ठराविक परिस्थितीतला. तापलेल्या गाडीत, कोंडलेल्या जागी, तो दीडपट धरावा, म्हणजे ७५०. बॅटरीच्या विजेचे घरगुती विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर स्वतःही खातो. तो तासास १५ वॉट-तास खातो असे धरले, तर चोवीस तासांचे ३६० झाले. एकूण १,११०. नऊशेच्या ठेवीतून दिवसास एक हजार एकशे दहाचा खर्च किती तास चालेल? वीस तासही नाही. आणि गाडीच्या इंजिनापासून ही बॅटरी भारली जावी अशी जोडणी केलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर कुरकुरत बंद पडला. ज्या कोयनेची जलविद्युत केंद्रे मिळून १,९६० मेगावॉटची आहेत, तिच्याच दाराशी अर्ध्या युनिटाकरिता ही मंडळी अडली, ह्याचे त्यास स्वतःसही हसू आले.

इन्व्हर्टरविषयी आणखी एक गोष्ट. स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते. दिव्यास व पंख्यास ती चालते, पण कॉम्प्रेसरची मोटर तिच्यावर घुमते व तापते. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा, व तो फ्रीजच्या नेहमीच्या गरजेपेक्षा बराच मोठा घ्यावा, कारण सुरू होण्याच्या क्षणी मोटर कित्येक पट प्रवाह ओढते. बंद पडलेला फ्रीज लगोलग पुन्हा सुरू करू नये. नळ्यांतील दाब समान होण्यास पाच मिनिटे द्यावीत. छपरावर ४०० वॉटचे सौर पत्रे बसविले तर देशावरच्या स्वच्छ उन्हात दिवसाचे एक-सव्वा युनिट मिळेल. आषाढात कोयनेच्या खोऱ्यात मात्र त्यांच्यावर विसंबू नये.

घाटात दार उघडले, हे सांगावयास नकोच. ताकाचे भांडे, सहा अंडी व लोणच्याची बरणी एका वळणात जमिनीवर आली. घरगुती फ्रीजचे दार केवळ लोहचुंबकाच्या पट्टीने चिकटलेले असते. पूर्वी दारास खिट्टी असे. पण टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळताना लपलेली मुले आत कोंडून गुदमरून मेली, तेव्हा अमेरिकेने १९५६ साली कायदा करून दार आतून उघडता आलेच पाहिजे असे ठरविले, आणि चुंबकाची पट्टी सर्वत्र रूढ झाली. आज मोटारघराकरिता आपण पुन्हा बाहेरून कडी लावतो, तेव्हा त्या मुलांची आठवण ठेवून ती उंचावर, लहान हातांस न पोचेल अशी लावावी, आणि गाडी उभी राहिली की काढून ठेवावी.

फ्रीज पक्का कसा करावयाचा, ह्यावर आमचा थोडा वाद झाला. बाजूच्या पत्र्यात स्क्रू मारून लोखंडी पट्ट्या जोडाव्यात, असे त्याचे मत होते. आम्ही त्यास तत्काळ थांबविले. आजच्या पुष्कळ फ्रीजमध्ये उष्णता टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड लपविलेल्या असतात, आणि बहुतेकांत आयसोब्युटेन नावाचा वायू असतो. तो चार-पाच तोळ्यांहून क्वचितच अधिक असेल. परंतु तो ज्वालाग्राही आहे, हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचतो, आणि मोटारघरात त्याच तळापासून दोन हातांवर शेगडी पेटते. तेव्हा पत्र्यास भोक मुळीच पाडू नये. पायांखाली रबर घालून कोनपट्टीची चौकट करावी, ती गाडीच्या सांगाड्यास बांधावी, आणि वरून रुंद पट्ट्याने फ्रीज आवळावा. जागा दोन्ही आसांच्या मध्ये निवडावी. मागच्या चाकांच्याही मागे गचके सर्वांत अधिक बसतात, आणि आतील कॉम्प्रेसर तर स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची अनुमती लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम ह्याच विषयीचे आहे.

परदेशी मोटारघरांत निराळ्या जातीचे शीतकपाट पुष्कळ आढळते. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी व हायड्रोजन ह्यांच्या साहाय्याने ते चक्क ज्योतीच्या उष्णतेवर गार होते! स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स ह्या दोन तरुणांनी १९२२ साली त्याची युक्ती काढली. वीज नसलेल्या गावांतील दवाखान्यांत व मिशनच्या बंगल्यांत रॉकेलवर चालणारे जे फ्रीज असत, ते ह्याच घराण्यातले. ह्यांचा एक हट्ट मात्र असा की उभी गाडी सपाट जागीच हवी. उतारावर आतील द्रव परत फिरत नाही व नळी तापून बिघडते. घरगुती फ्रीज इतका हट्टी नसतो.

आता ज्या वस्तूकरिता हा सर्व खटाटोप झाला, त्या इन्सुलिनचे काय झाले? निघण्याच्या आदल्या रात्री, "थंडी साठवून घेऊ" म्हणून, आमच्या विद्यार्थ्याने फ्रीजचा काटा शेवटपर्यंत फिरविला आणि नव्या कुप्या वरच्या बर्फाच्या खणास टेकवून ठेवल्या. कोयनानगरास रात्री सूनबाईंनी पाहिले, तो कुप्यांत बर्फाचे कण. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाचे असते. एकदा गोठले की पुन्हा वितळले तरी ते टाकूनच द्यावे लागते. उष्णतेच्या भयाने निघालेल्या मंडळींचे औषध थंडीने गेले. मातोश्रींनी मात्र वापरातील कुपी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डबीत, पाण्याच्या मडक्याशेजारी ठेवली होती. उघडलेली कुपी तीस अंशांच्या आत राहिली तर सामान्यतः चार आठवडे चालते. नेमकी मुदत कुपीबरोबरच्या पत्रकात पाहावी. "तुझ्या त्या फ्रीजवर माझा भरवसा नव्हता," एवढेच त्या म्हणाल्या. चिपळुणात नव्या कुप्या घेतल्या, आणि बर्फाच्या डब्यात, बर्फास न टेकविता, पुढचे दिवस काढले.

आम्हास विचाराल तर चार माणसांच्या मोटारघरास १९० लिटर हवेतच कशाला? १२ व्होल्टवर थेट चालणारी चाळीस-पन्नास लिटरची पेटी मिळते. तिला इन्व्हर्टर लागत नाही व वरून उघडत असल्यामुळे तिच्यातील थंड हवा ओघळून जात नाही. पण आमच्या विद्यार्थ्याने घरचाच फ्रीज राखावयाचे ठरविले आहे. दोन्ही बाजूंस जागा सोडली, जाळ्या बसविल्या, बॅटरी इंजिनास जोडली. इन्सुलिनचा डबा आता मधल्या खणात असतो, आणि त्यातील तापमान दाखविणारा लहानसा मापक चालकाच्या समोर, घड्याळाशेजारी लाविला आहे. मातोश्रींनी मडके अद्याप गाडीतून उतरविलेले नाही.