पंख गेले, डोंगर मिळाला

पंख म्हणजे किड्याचं वैभव, असं आपल्याला वाटतं. हिमरेषेच्या आसपास दगडाखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांना मात्र त्याचं काही पडलेलं नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जातींनी उडणं कधीच सोडून दिलंय. पाठीवरची टणक ढाल शाबूत असते, पण तिच्याखाली पंखांऐवजी नुसते खुंट. काहींच्या ढालीचे दोन्ही भाग तर एकमेकांना कायमचे चिकटलेले.

यातले बरेचसे कॅराबिडी या घराण्यातले. या घराण्याच्या जगभरात सुमारे ४०,००० जाती नोंदलेल्या आहेत आणि दरवर्षी नव्यांची भर पडतेच आहे.

मग पंख का गेले? डार्विननं बोट दाखवलं वाऱ्याकडे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये (१८५९) त्यानं मदेरा बेटाचा हिशेब मांडला: भुंगेऱ्यांच्या ५५० जाती, त्यातल्या २०० जातींना उडताच येत नाही. उडणारे वाऱ्याबरोबर समुद्रात गेले, घरकोंबडे वाचले. हार्वर्डच्या फिलिप डार्लिंग्टनला हे पटेना. १९४३ साली त्यानं डोंगर आणि बेटांवरच्या भुंगेऱ्यांवर भलामोठा निबंध लिहिला. त्याचा रोख असा, की जागा छोटी आणि वर्षानुवर्षं टिकणारी असेल तर उडून जायचं कुठे आणि कशाला? पंख आणि ते हलवणारे स्नायू पोसणं महागात पडतं. अनेक कीटकांमध्ये तो खर्च वाचला की मादी अंडी जास्त घालते. मला तरी वाऱ्यापेक्षा हा घरखर्चाचा मुद्दा जास्त पटतो.

हा डार्लिंग्टन स्वतःच एक नमुना होता. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीमध्ये मलेरियाच्या कामावर असताना मगरीनं त्याला पाण्यात ओढून नेलं. गडी झटापट करून सुटला. हात जायबंदी झाले, तर पठ्ठ्यानं एका हातानं भुंगेरे पकडायची युक्ती शोधली! डार्विनही या बाबतीत कमी नव्हता. दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला, म्हणून त्यानं उजव्या हातातला तोंडात टाकला. भुंगेऱ्यानं जिभेवर असा जहाल रस सोडला की तो थुंकावा लागला, आणि तिसराही निसटला.

बर्फाच्या कडेला खायचं काय? वरून पडेल ते. वारा खालच्या दऱ्यांतले किडे उचलून वर आणतो, ते गारठून बर्फावर कोसळतात. याच घराण्यातल्या नेब्रिया वंशातले भुंगेरे दिवसा दगडाखाली दडतात आणि रात्री बर्फावर पळत पळत हे थंडगार जेवण उरकतात. हिमालयातल्या या वाऱ्यावरच्या खानावळीबद्दल आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या एम. एस. मणी यांनी तपशिलानं लिहिलंय. १९५०च्या दशकात त्यांनी वायव्य हिमालयात मोहिमा नेल्या आणि १९६२ साली उंचावरच्या कीटकांवर आख्खं पुस्तक काढलं.

पंख नसले की शेजारचा डोंगरही परदेश. मधली उबदार दरी पायी ओलांडणं जमत नाही, भेटीगाठी थांबतात, आणि हजारो वर्षांत एकाच्या दोन जाती होतात. उत्तर कॅलिफोर्नियात भूगोलाच्या अशाच आडाख्यावरून ट्रिनिटी आल्प्समध्ये नेब्रियाची आणखी एक जात असणार, असा अंदाज बांधला गेला. ती सापडली, आणि २००९ साली ‘नेब्रिया प्रेडिक्टा’ म्हणून नोंदली गेली. जन्मदाखल्याबरोबर इशाराही आला: शोधनिबंधाच्या शीर्षकातच तिला हवामानबदलाचा धोका असल्याचं लिहिलंय. बर्फ वर सरकला की भुंगेराही वर सरकतो, पण शिखराच्या वर काही नसतं.

नवी जात ‘सापडते’ ती बहुधा डोंगरावर नाही, संग्रहालयाच्या कपाटात. नमुना गोळा झाल्यापासून त्याचं बारसं होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला. (आपल्याकडच्या सरकारी फायलींना एवढंच सांगायचं, की त्या एकट्या नाहीत.) ओळख पटवायला नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण बाहेरून सगळे काळेसावळे भाऊच. मग एक नमुना त्या जातीचा अधिकृत प्रतिनिधी ठरतो.

नाव काय ठेवायचं यावर बंधनं फार नाहीत. स्वतःचं नाव द्यायला नियमांची आडकाठी नाही, पण तसं करणं अशिष्ट समजतात. याच घराण्यातल्या कोस्टा रिकाच्या एका भुंगेऱ्याच्या मधल्या मांड्या फुगीर दिसल्या, म्हणून त्याचं नाव ‘आग्रा श्वार्झनेगेरी’. स्लोव्हेनियाच्या गुहांतल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याच्या माथी १९३७ पासून हिटलरचं नाव आहे. नाव बदलत नाही, आणि त्या नावापायी संग्राहक त्याच्या मागे लागतात. बिचाऱ्याचा काय दोष?

हिमालयात ट्रेकला जाल तेव्हा बर्फाच्या कडेचा दगड जरूर उचलून बघा. फक्त बघून झालं की होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवा.